तिने भरलेलं पिंप

कॉलनीत सगळे त्याला तलाववाला म्हणत. जलतरण तलावाचं पाणी नितळ ठेवणं हे त्याचं काम. सकाळी पंप सुरू करायचा, जाळीने पानं काढायची, क्लोरीन टाकायचं, ताडपत्रीच्या घडीत पाणी साठलं असेल तर तेही झटकायचं, कारण डासांना तेवढंसुद्धा पुरतं. त्याच्या तलावात कधी कुणाला अळी दिसली नव्हती.

घरी मागच्या दारी एक पिंप होतं. त्याला तो कुणाला हात लावू देत नसे.

ते बायकोने भरलेलं होतं. त्या सकाळी नळ आल्यावर तिने नळी लावली, पिंप काठोकाठ भरलं आणि नेहमीसारखं ऐकवलं, "साऱ्या जगाच्या पाण्याची उस्तवार करा, घरचं पाणी मात्र मीच भरायचं." दुपारी तिच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

पिंपात त्याने पुन्हा पाणी भरलं नाही. नवं पाणी मिसळलं की ते तिचं उरलं नसतं. उन्हाने पातळी खाली चालली होती. झाकण घातलं असतं तर डासांचा प्रश्नच मिटला असता, पण येता-जाता त्याला ते पाणी दिसायला हवं होतं. म्हणून तलावात टाकतो तसं रोज चिमूटभर क्लोरीन टाकायचा. तलावातलं पाणी पंप फिरवत असतो, पिंपातलं जागच्या जागी असतं. साचलेल्या पाण्यातलं क्लोरीन उन्हात उडून जातं, हे त्याने दुसऱ्या कुणालाही बजावून सांगितलं असतं.

मुलगी बाळाला घेऊन राहायला आली. दोनच रात्रींत बाळाच्या पायांवर गांधी उठल्या.

"बाबा, तुमच्या घरात डास? लोक हसतील."

"बाहेरून येतात."

"बाहेरून म्हणजे मागच्या दारातून." तिने पिंपातून मगभर पाणी काढून आणलं होतं. "हे काय वळवळतंय?"

त्याने तिच्या हातातला मग घेऊन उजेडात धरला. डोकं खाली करून अळ्या पाण्याच्या वरच्या थराला लटकल्या होत्या. त्याचा हात हलला तशा तळाला पळाल्या.

"परत ओत ते पिंपात." त्याने मग तिला परत दिला.

"परत? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तुझ्या आईने भरलंय ते."

मुलगी पायरीवर बसली. पाण्याने भरलेला मग तिच्याच हातात राहिला.

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? पाणी राखत बसलोय म्हणून?"

तिने हातातल्या पाण्यात वाकून पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "फडक्याने गाळून ठेवू या का, बाबा?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"गाळून भागत नाही," तो म्हणाला. "अंडी कडेला चिकटलेली असतात. पाणी ओतून पिंप आतून घासावं लागतं." बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण हे काय बोललो.

"मग तुम्हीच ठरवा. मी बाळाला घेऊन घरी जाते हवं तर. रागाने नाही म्हणत."

आत बाळ रडायला लागलं. पायाला पाय घासत होतं.

त्याने बाह्या वर सारल्या. मुलगी बादली घेऊन मोरीकडे वळली.

"गटारात नको. तिथे साचलं तर अळ्या जगतात. कोरड्या जमिनीवर टाकायचं, म्हणजे मरतात."

"द्या, मी ओतते."

"नको. तू बाळाकडे बघ."

परसाच्या टोकाला ऊन लागून जमीन पांढरी पडून भेगाळली होती. तिथे तो एकेक बादली नेऊन ओतत राहिला. तळाशी उरलेलं पाणी पिंप कलंडवून काढलं. मग काथ्या घेऊन आत वाकला. पाणी जसं उतरत गेलं तशा कडेला रेघा उमटल्या होत्या. सगळ्यात वरची, काठालगतची रेघ तिने नळ बंद केला तिथली. त्याने खालून सुरुवात केली. वरच्या रेघेपाशी हात थांबला. अंडी तिथेही असतात. त्याने तीही घासली.

पिंप उन्हात पालथं घालून तो परसाच्या टोकाशी गेला. पाण्याचं नाव नव्हतं, नुसती ओल होती.

मुलगी बाळाला कडेवर घेऊन दारात आली. "मुरलं, बाबा. आत या आता."

"येतो," तो म्हणाला, आणि जमीन पुन्हा पांढरी पडेपर्यंत तिथेच उभा राहिला.