रूपनाथ महाराजांचं हिरवं तीर्थ

लोणंदहून फलटणला जाताना आमचं गाव लागतं. त्या दिवशी बाजारतळावर मुंगीला शिरायला वाट नव्हती. मंडपात टेबलावर भगवं कापड, त्यावर काचेचं टाकं आणि टाक्यात हिरवंगार तीर्थ. तारेनं टांगलेला तांब्याचा गडू त्यात बघता बघता चांदीसारखा पांढरा झाला. बायांनी हात जोडले.

"घर शुद्ध, तर गडू शुभ्र!" रूपनाथ महाराज गरजले. "घरात पाप असेल, तर तीर्थ थुंकून टाकतं! विज्ञानाच्या बापालाही हे कळणार नाही!"

मी जनावरांचा डॉक्टर. विज्ञानाच्या बापाचं मला माहीत नाही, पण टाक्यातून एक काळी वायर टेबलाखाली का जाते, हे कुणीच विचारत नव्हतं.

पुढचा गडू आमच्या शेजारच्या हरणाबाईंचा. मुलगा पृथ्वीराज सैन्यात. घरी सून रेश्मा आणि तिची दोन वर्षांची पोर. हरणाबाईंच्या दोन म्हशी दुधाला आटल्या होत्या. कास सुजली होती, मी औषध देत होतो, पण हरणाबाईंच्या मनात भलतंच बसलं होतं.

गडू निघाला तो ठिपक्याठिपक्यांचा. महाराजांनी नख लावलं, तर पांढरा पापुद्रा सुटून आला. गर्दी चरकली.

"घरात बाहेरून आलेली बाई आहे!"

सून म्हणजे बाहेरून आलेलीच की! पण हरणाबाई म्हणाल्या, "हाय. तिनंच गडू घासला व्हता."

"आवं आत्या, चिंच लावून लख्ख घासला की मी," रेश्मा पुटपुटली.

"उद्या हिला माहेरी धाडा," महाराजांनी फर्मावलं. "पोर तुमच्या रक्ताची, ती ठेवा!"

रेश्मानं पोरीला छातीशी ओढलं.

मी हरणाबाईंना गाठलं. "आवं हरणाक्का, म्हशींचा आजार कासेचा हाय. त्यात पोरीचा काय दोष?"

"डाक्टर, तुमच्या सुया लय झाल्या. डोळ्यानं बघितलं ते खोटं का?"

माझी बायको क्रांती हायस्कूलात विज्ञान शिकवते. तिला सगळं सांगितलं.

"गडू टाक्यात जायच्या आधी कुठं होता?" तिनं विचारलं.

"पडद्यामागं. चेला स्नान घालायला नेतो."

"मग चमत्कार टाक्यात नाही. पडद्यामागं आहे."

सकाळी आम्ही मंडपात गेलो. रेश्माला माहेरी, खंडाळ्याला न्यायला बाहेर जीप उभी होती. बॅग जीपशी, पोर हरणाबाईंच्या कडेवर, आणि आईकडं झेपावून रडत होती.

क्रांती थेट पुढं गेली. "महाराज, आता तुमच्या पूजेची तांब्याची पळी टाक्यात सोडा. स्नान मात्र मी घालणार, सगळ्यांसमोर."

"परक्या हाताचा विटाळ चालत नाही!"

"आँ?" निवृत्त सुभेदार आकाराम मागून ओरडले. "लोकांची भांडी तुमच्या चेल्याच्या हातात चालतात, आन् तुमचीच तेवढी न्हाई व्हय?"

लोक हसले. महाराजांना पळी द्यावी लागली.

क्रांतीनं ती घरून आणलेल्या, सोडा घातलेल्या गरम पाण्यात ब्रशनं घासली, लिंबाच्या पाण्यातून काढून खळखळून धुतली आणि तारेनंच धरली. वरून पाणी ओतलं. "बघा, पाणी सगळीकडं सारखं पसरतंय. म्हणजे तेलाचा अंशही राहिला नाही." मग तिनं आपल्या तेल लावलेल्या केसांवरून अंगठा फिरवला आणि पळीवर दाबला. पुन्हा पाणी ओतलं. अंगठ्याच्या जागेवरून पाणी बाजूला सरकलं, थेंब धरून राहिलं.

पळी टाक्यात गेली. बाहेर आली ती पांढरीशुभ्र. फक्त अंगठ्याची जागा डागाळलेली. क्रांतीनं तिथं नख लावलं. पापुद्रा सुटला.

"आता हे पाप कुणाचं? महाराजांचं, की माझ्या खोबरेल तेलाचं?"

मी टेबलावरच्या कापडाची कड उचलली. खाली बॅटरी. "हे तीर्थ नव्हे, निकेलच्या क्षाराचं पाणी आहे," क्रांती म्हणाली. "वीज सोडली की निकेल तांब्यावर बसतं. पण धातू स्वच्छ असला तरच. चिंचेनं भांडं चकाकतं, तरी त्यावर तेलाचा बोळा फिरवला की मुलामा धरत नाही."

आकारामांनी पडदा ओढला. आत सोड्याची बादली आणि तेलकट फडकं. चेला पळाला, महाराजांना पळता आलं नाही, पोलीसपाटलांनी दंड धरला होता.

"हरणाक्का," मी विचारलं, "काल रांगेत चेला तुमच्याशी कुजबुजत होता, काय बोलला?"

हरणाबाई पोरीला सावरत म्हणाल्या, "इचारलं, कुणावर संशय हाय का. म्या म्हनलं, सुनंवर."

तो संशय घरूनच आणला होता. महाराजांनी फक्त त्यावर मोहोर उठवली.

क्रांतीनं कालचा तो ठिपक्यांचा गडू रेश्माच्या हातात दिला. "घास." रेश्मानं कालचा पापुद्रा खरवडून काढला, गडू सोड्यानं घासला, धुतला. टाक्यातून तो आरशासारखा निघाला.

"म्हंजे रेश्मा शुद्ध हाय!" कुणीतरी ओरडलं.

"नाही!" क्रांती कडाडली. "गडू स्वच्छ आहे, एवढंच. माणसातलं गडूला काही कळत नाही. काल गडूचं ऐकून तिला हाकलत होता, आज गडूचंच ऐकून ठेवून घेणार? डोळ्यांनी दिसलं म्हणजे खरं, असं धरून चालू नका. कुणी धुतलं, कुणी पुसलं, पडद्यामागं काय झालं, हे विचारा. देवाला प्रश्नांचा राग येत नाही. राग येतो तो लबाडाला."

हरणाबाईंनी मान वर केली नाही. पोर रेश्माच्या हातात दिली, जीपशी गेल्या आणि सुनेची बॅग उचलून घराच्या वाटेला लागल्या.