पंचवीस पावलं

कोपरांवर सरकत सरकत व्यंकट बांधाच्या आडोशाला पोचला, छऱ्याची बंदूक पुढे केली आणि एक डोळा मिटला. तेवढ्यात बाभळीच्या शेंड्यावरचा राखणदार कावळा एकदाच ओरडला. भुईमुगाच्या शेंगांच्या रानात उतरलेले पंधरा-वीस कावळे एका दमात उठले आणि विहिरीपलीकडच्या लिंबावर जाऊन बसले. व्यंकटने उठून अंगरख्याची माती झटकली आणि लिंबापर्यंतची पावलं मोजली. साठ भरली.

बंदूक कुमारची होती. येरमाळ्याच्या रस्त्याला त्याची द्राक्षबाग होती आणि पाखरं हाकण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. देताना त्याने बजावलं होतं,

"तात्या, पंचवीस पावलांच्या आत घ्या. त्याच्या पलीकडं छर्रा नुसत्या गुदगुल्या करतो."

पण ही पंचवीस पावलं कुमारने कावळ्यांनाही सांगून ठेवली असावीत. व्यंकट कडब्याच्या गंजीत दोन तास दडून बसला, तर ते फिरकलेच नाहीत. बंदूक पोत्यात गुंडाळून फावड्यासारखी खांद्यावर टाकली, तर त्यांनी पोतं ओळखलं. एक दिवस वैतागून तो नुसती काठी घेऊन गेला, तेव्हा मात्र ते चाळीस पावलांवर खुशाल दाणे उकरत राहिले. साठी ओलांडलेल्या माणसाला पाखरांनी असं वेड्यात काढावं, याचा त्याला भारी संताप आला.

खरं तर संताप कावळ्यांवर नव्हताच. घरात अयोध्याबाई नव्हती, हे त्याचं दुखणं होतं. नागपंचमी झाल्यावर ती पुण्याला मुलाकडे गेली. सून अक्षदाची नोकरी पुन्हा सुरू व्हायची होती आणि नातू पाच महिन्यांचा होता. दोन महिन्यांसाठी म्हणून गेलेली बाई दसऱ्याला आली नाही, दिवाळीला आली नाही. बाळाला दात आले, मग ताप आला, मग सांभाळायला ठेवलेली बाई काम सोडून गेली. फोनवर दर वेळी "बगू म्होरल्या महिन्यात" एवढंच. फक्त एकदा, संक्रांतीच्या दिवशी, ती आपण होऊन म्हणाली होती, "उन्हाळी शेंगा करा. काढायला येते म्या."

ते अर्धं एकर व्यंकट यंदा पडीक ठेवणार होता. दुसऱ्याच दिवशी त्याने त्यात कुळवाची पाळी घातली. चैत्रात येडाईची यात्रा झाली की शेंगा भरतात आणि वैशाखात काढायला येतात. इतक्या महिन्यांत तिच्या येण्याला पहिल्यांदाच काहीतरी मुदत मिळाली होती.

आणि आता कोंबाने माती फोडली रे फोडली की कावळे तो उपटून खालचा दाणा खात होते. दोनदा त्याने मोकळ्या जागी पुन्हा दाणे टोचले होते. डब्यात शेवटचे दोन-अडीच शेर उरले होते, तेही अयोध्याबाईने जाण्याआधी स्वतः फोडून, निवडून ठेवलेले. ते गेले की शेंगा गेल्या. मग तिने यायचं तरी कशासाठी, हे त्याला कळत नव्हतं.

आजवर त्याच्या रानात कावळा असा शिरलाच नव्हता. बुजगावणं करावं तर व्यंकटने, असं गावात म्हणत, आणि तोही ते मान डोलावून ऐकून घेई. यंदाही त्याने तेच मडकं, तीच मिशी, तोच फाटका कोट उभा केला होता. कावळे त्याच्या खांद्यावर बसून चोच पुसत होते.

बांधावर शेरडं चारणारी म्हातारी कोंडाबाई चार दिवस हा तमाशा बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आरं व्यंकटा, त्यांला तू नगं हायस. बाया खुरपायला वाकल्या की हेच कावळे पायात येत्यात."

दाराआडच्या खुंटीवर अयोध्याबाईचा रानातला सदरा लटकत होता. निळ्या चौकटींचा, मूळचा व्यंकटचाच. कॉलर विरल्यावर तिने तो लुगड्यावरून घालायला घेतला होता. ती गेल्यापासून व्यंकटने त्याला हात लावला नव्हता. आज काढला तर त्याला अजून उन्हाचा आणि मिसरीचा वास येत होता. तो वास घेत तो दारामागे जरा वेळ तसाच उभा राहिला.

दुपारी सदरा घालून, तिचं जुनं पातळ कमरेला गुंडाळून डोक्यावरून पुढे ओढून तो शेंगांच्या रानात खुरपं घेऊन वाकला. बंदूक जवळच सरीत, पोत्याखाली होती. कोंडाबाईने तोंडाला पदर लावला.

"पाव्हणी कुठली म्हनायची गं बाई!"

व्यंकटने मान वर केली नाही. थोड्या वेळाने बाभळीवरचा कावळा खाली उतरला, मागोमाग बाकीचे. चाळीस पावलं झाली, तीस झाली, पंचवीस. त्याने पोत्याखाली हात घातला. कावळे थांबले नाहीत. एकाही कोंबाला चोच न लावता ते त्याच्या शेजारच्या बांधावर, एका चपट्या दगडाभोवती येऊन बसले आणि त्याच्याकडे बघू लागले. त्यातला एक लंगडा उड्या मारत अगदी पुढ्यात आला. मान वाकडी करून त्याने चोच उघडली आणि घशातल्या घशात बारीक आवाज काढला. नळीने ढोसता येईल इतक्या जवळ होता.

व्यंकटचं बोट घोड्यावर होतं. लंगडा सदऱ्याच्या खिशाकडे बघत होता. व्यंकटचा दुसरा हात आपसूक खिशात गेला. आत भाकरीचे तुकडे होते, वाळून दगड झालेले.

दोघांच्या जेवणाला ती पाच भाकरी आणायची. दर पेरणीला त्यावरून त्याने तोंड वाजवलं होतं. "रानात भूक लागते," एवढंच ती म्हणे. जेवण झालं की तो तोंडावर उपरणं घेऊन आडवा व्हायचा आणि ती "फडकं झटकून येते" म्हणून बांधाकडे जायची. चाळीस वर्षांत त्याने एकदाही उपरणं बाजूला करून बघितलं नव्हतं. आपल्या बायकोची माहिती आपल्यापेक्षा या कावळ्यांना जास्त आहे, हे कळून त्याला गलबलून आलं.

खिशातले तुकडे त्याने दगडावर टाकले. ते पुरले नाहीत, तेव्हा लिंबाला टांगलेली, शेजारणीने थापून दिलेल्या भाकरीची आपली शिदोरी आणून तीही कुस्करली. कावळे खाऊन उडून गेले. संध्याकाळपर्यंत एकही शेंगांत उतरला नाही.

दिवेलागणीला तिचा फोन आला.

"शेंगा उगवल्या का?"

"कावळे ठेवीनात."

"भाकरी घालीत न्हवताव व्हय? चार पानं फुटंस्तोवर बांधावर घालायची, मग त्ये कोंबाकडं बगत बी न्हाईत. म्या दरसाल घालत होते."

"मला कधी बोलली न्हाईस."

"तुमी बुजगावण्याचं कवतिक सांगत फिरत होताव. कशाला मोडायचं?"

तो हसला.

"लंगडा हाय का त्यात?" तिने विचारलं.

"हाय."

"त्याला आदी घाला. दुसरे खाऊ देत न्हाईत." मग ती म्हणाली, "हितं समद्या खिडक्यांला जाळ्या हायत. कबुतर बी येत न्हाय."

चाळीस वर्षांत जे विचारायचं सुचलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"करमतंय का तुला तिथं?"

पलीकडे बाळ रडलं. ती फोन तसाच ठेवून उठून गेली. तिथली भांडी वाजली, नळ वाहिला, मग तिचं हलक्या आवाजातलं जोजवणं ऐकू यायला लागलं. फोन बंद होईपर्यंत व्यंकट तो कानाला लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने शेवटचे दाणे टोचले आणि आयुष्यातल्या पहिल्या पाच भाकरी थापल्या. एकही गोल झाली नाही. कुमार बंदूक न्यायला आला तेव्हा म्हणाला,

"तात्या, घावला का एखादा? आले का पंचवीस पावलांत?"

"आले की. हितं, हाताशी आले."

"मग?"

"मग भाकरी कमी पडली," व्यंकट म्हणाला.

पुढच्या पंधरवड्यात शेंगांना चार पानं फुटली. लंगडा आता व्यंकटच्या पायापाशी येऊन खाई. पातळ त्याने घडी करून पेटीत ठेवलं होतं, डोकं उघडं असलं तरी कावळे बुजत नव्हते. सदरा मात्र रोज अंगात असे. ऊन तापायला लागलं होतं. कोंडाबाईने शेरडं थांबवून विचारलं,

"आता तर त्ये तुला वळखत्यात. मग आजून तिचा सदरा कशाला घालतूस?"

"माझाच हाय त्यो," व्यंकट म्हणाला, आणि त्याने गळ्याचं बटण लावलं.