भांड्याच्या बुडाचं नाव

पट्टी फार पांढरी होती.

मी काचेचं भांडं उलटं न करता वर धरलं आणि खालून पाहिलं. दोन बोटं रुंद चिकटपट्टी, तिच्यावर काळ्या शाईत नाव : लूव्हिनिया. आमच्या चर्चमधल्या प्रत्येक बाईच्या भांड्याला अशी पट्टी असते. मयताच्या घरी जेवणाची भांडी जमतात, तेव्हा ज्याचं त्याला परत जावं म्हणून. पण ओव्हन आणि साबण यांतून चारदोनदा गेली की पट्टी मधाच्या रंगाची होते, कडा सुटतात, शाई पसरते. या पट्टीच्या कडा अजून काटकोनात होत्या.

"काय बघतेस?" होझियाने विचारलं. होझिया माझा धाकटा दीर. नवरा गेल्यावर आमचं गळकं छप्पर त्यानेच दुरुस्त केलं, आणि कॉर्विनच्या हातात पहिला बास्केटबॉलही त्यानेच दिला.

"काही नाही. जड आहे."

"मदर लूव्हिनियाने पाठवलंय. मॅकरोनी आणि चीज. म्हणाली, पोराला आजच गरम करून घाल."

"आजच का?"

"अगं, शिळं कशाला खायचं! ओलेटा, तुला देवाने स्वर्गाचं दार उघडून दिलं, तरी तू आधी बिजागऱ्या तपासशील."

मी हसले. तो गेला. मी भांडं ओव्हनमध्ये न ठेवता फ्रीझरमध्ये ठेवलं.

मार्चमध्ये कॉर्विनच्या विद्यापीठाचा संघ मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला, तेव्हापासून आमच्याकडे भांडी येत होती. आमच्या भागात, केंटकीच्या या पश्चिम टोकाला, एवढं अन्न घरात कुणी मेलं तरच येतं. माझ्याकडे कुणी मेलं नव्हतं. माझा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि त्याने पदवी पुरी करायची की ती अर्ध्यावर सोडून व्यावसायिक संघांकडे जायचं, एवढंच ठरायचं होतं. नाव कळवायची मुदत सोमवारी संपत होती.

प्रत्येक भांड्याबरोबर एक मत यायचं. कोच बायकोला घेऊन आला, तिच्या हातात पीचचा केक. तो म्हणाला, "मॅडम, पदवी कुणी कधी हिरावून घेत नाही." ते खरं होतं. कॉर्विन गेला तर पुढच्या वर्षी कोचची नोकरी जाईल, असं पेपरात छापून येत होतं, तेही खरं होतं. त्याचा केक मी खाल्ला. चव चांगली होती, म्हणून मला त्याचा जास्तच संशय आला.

कॉर्विन कुणालाच काही सांगत नव्हता. मीही विचारत नव्हते. मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या तपासते. पुरेसं दिसल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही, अशी सवय आहे. आणि खरं तर, तो काय सांगेल याची मला भीती होती.

शनिवारी दुपारी त्याने फ्रीझर उघडला. दरवाजाच्या चौकटीत तो वाकूनच उभा राहतो.

"मॅकरोनी! आणि मला सांगितलं पण नाहीस?"

"तिला हात लावू नकोस."

"का?"

"मी सांगेपर्यंत लावू नकोस."

"ममा, माणसं झाली, आता मॅकरोनीवर पण संशय?" तो हसला, पण झाकण परत लावलं. फ्रीझरचा दरवाजा मिटल्यावरही तो थोडा वेळ तिथेच उभा होता.

मी मदर लूव्हिनियाकडे गेले. ती आमच्या चर्चमधली सगळ्यांत वयस्क बाई, म्हणून सगळ्यांची मदर. ओसरीवर बसून ती वाटाणे सोलत होती.

"मॅकरोनीबद्दल आभार मानायला आले," मी म्हटलं.

"कसली मॅकरोनी? पोरी, माझा ओव्हन ईस्टरपासून बंद आहे. दाराची कडी तुटली. तुझ्या दिराला सांगून ठेवलंय. तो कडी काढून घेऊन गेला आणि विसरला."

मी तिच्याशेजारी बसले आणि वाटाणे सोलू लागले. ज्या ओव्हनची कडी होझियाच्या खिशात होती, त्याच ओव्हनचं नाव त्याने घेतलं होतं.

"परवा मात्र आला होता," ती म्हणाली. "बरोबर एक माणूस. क्रीम रंगाचे बूट, आणि आत येताना पुसले नाहीत. मला विचारतो, मिस ओलेटा कुणाच्या हातचं खातात? मी म्हटलं, डोळे झाकून फक्त माझ्या. बाकीच्यांचं आधी हुंगते."

"नाव काय सांगितलं?"

"मिस्टर प्रुएट. म्हणे, तरुण खेळाडूंची काळजी घेतो. मी म्हटलं, का, त्यांना आया नाहीत?"

प्रुएट एजंट होता. गेटाबाहेर त्याची करड्या रंगाची गाडी मी अनेकदा पाहिली होती. कॉलेजच्या खेळाडूने किंवा त्याच्या घरच्या कुणी एजंटाकडून साधं जेवण जरी घेतलं, तरी तो पुन्हा कॉलेजकडून खेळू शकत नाही, असा नियम होता. कॉर्विनने दोन घास खाल्ले असते, की सोमवारी ठरवायला काहीच उरलं नसतं.

घरी येताना मला राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते समाधानासारखं होतं. आता कॉर्विनला दाखवता येईल, मला वाटलं, की ते लोक कसे आहेत. आता तो राहील.

आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर बायका चार बिस्किटं घालतात, बागेतले टोमॅटो घालतात. रिकामं भांडं परत गेलं की दोन घरांमधलं बोलणं संपलं असं समजायचं. रविवारी प्रार्थना संपल्यावर, चर्चच्या हिरवळीवर सगळे उभे असताना, मी होझियाच्या हातात ते भांडं दिलं.

"अरे वा, काय केलंस?" त्याने झाकण काढलं.

बर्फाच्या पातळ थराखाली मॅकरोनी जशीच्या तशी होती. कडेचा कुरकुरीत कोपरासुद्धा कुणी मोडला नव्हता. रिकामं भांडं आमच्या लोकांनी पाहिलं होतं. ज्याचं अन्न त्यालाच परत गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका वाकून बघू लागल्या.

"प्रुएटला सांग, आम्हाला भूक नव्हती," मी म्हटलं. "आणि मदर लूव्हिनियाची कडी तेवढी परत कर."

होझियाचा चेहरा उतरला, पण त्याने मान खाली घातली नाही. "मी एका पैशाला शिवलो नाही, ओलेटा. कॉलेजकडून खेळताना माझा गुडघा तिसऱ्या वर्षी गेला, तू होतीस तिथे. त्याआधी लोक म्हणत होते, थांब, शिक, घाई काय आहे. मग तेच लोक मला इस्पितळात फुलं घेऊन आले. आज मी लोकांच्या ओव्हनच्या कड्या बसवतो. पोरगं नुसतं बघत बसलंय, मुदत संपायला आली. म्हटलं, त्याच्या डोक्यावरचं ओझं काढून टाकू."

"त्याला न विचारता?"

"तू विचारलंस?"

कॉर्विन पायऱ्या उतरून आला. त्याने होझियाच्या हातातून भांडं घेतलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की त्याने सगळं ऐकलंय, त्याला आणखी काही सांगायची गरज नाही.

"काका, मी खाल्लं असतं तर तुझ्या हिशेबाने मी गेलो असतो," तो म्हणाला. "ममा, मी खाल्लं नाही, तर तुझ्या हिशेबाने मी राहिलो. शुक्रवारीच फ्रीझर उघडून ती पट्टी मीही वाचली होती, काल तुला मुद्दाम विचारलं. नाव बघूनच कळलं, अक्षरं एकमेकांना जोडून लिहिली होती, मदर लूव्हिनिया तसं कधी लिहीत नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"वाट बघत होतो. तुम्हा दोघांपैकी कुणी विचारतंय का ते."

रस्त्यापलीकडे करडी गाडी उभी होती. कुणी उतरलं नाही. मे महिन्याचं ऊन होतं, आणि कॉर्विनने भांडं घट्ट धरलं होतं. त्याच्या अंगठ्यांखाली काचेवरचा बर्फ वितळून दोन स्वच्छ गोल दिसू लागले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय कशावर सही केली नाही. हे एकदाच विचारायचं होतं.

"सांग," मी म्हटलं. "काय ठरवलंयस?"

त्याने गाडीकडे पाहिलं, मग होझियाकडे, मग माझ्याकडे.

"त्या माणसाबरोबर नाही," तो म्हणाला. "पण जातोय, ममा. मी जातोय."