उतरायला काय लागतं

घाईचं खरं नाव फक्त हजेरीपटावर असेल. चहा गाळायच्या आत कप पुढे करणारी बाई, म्हणून घाई. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती इस्त्रीच्या मोठ्या रुळावर आणि मी फाटक्या चादरी शिवायला. तळघरातली खोली दोघींत एकच, त्यामुळे एकमेकींचे घोरणारे नवरेसुद्धा आम्हाला तोंडपाठ.

दरी पळत पार करायचं खूळ तिच्या डोक्यात मुलीमुळे शिरलं. मुलगी दोन वर्षं तिच्याशी बोलत नव्हती. शाळेच्या नाटकापासून घाई प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचली, कारण कुणाची ना कुणाची ड्युटी तिने अंगावर घेतलेली असायची. लग्नाला पोचली तेव्हा सह्या होऊन नवरानवरी गाडीत बसून गेलीसुद्धा होती. रिकाम्या खुर्च्या एकावर एक रचल्या जात होत्या, तर ही त्यातली एक ओढून तिच्यावर बसली आणि रडली.

मग एकदा मुलीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, सुट्टीत दरीच्या पलीकडच्या कड्यावर राहायला चाललोय. त्यावर घाई म्हणून गेली, "मग मी दरीतून पळत येते तुला भेटायला!"

मुलगी हसली. दोन वर्षांनी हसली. मग म्हणाली, "ये. सूर्य बुडेपर्यंत वाटेच्या तोंडाशी थांबेन. पण आई, नेहमीसारखं करू नकोस."

घाई मलाही बरोबर चल म्हणायला लागली. "यात माझं काय काम?" मी विचारलं.

"तू नसलीस तर वाटेत भांडू कुणाशी?"

सराव कुठे करणार? तळघरातून गच्चीपर्यंत आठ मजले जिना. गच्चीवर चादरी वाळत. आम्ही ओल्या चादरींचे गठ्ठे घेऊन जिन्याने वर पळायचो, वाळलेल्यांची ढकलगाडी घेऊन लिफ्टने खाली यायचो. पहिल्या आठवड्यात माझ्या नाकी नऊ आले. नंतर जमायला लागलं. वॉर्डातल्या नर्सबाई म्हणायच्या, या दोघींना काय चावलंय?

"खाली पण जिन्याने येऊन बघू या का?" मी एकदा म्हटलं होतं.

"उतरायला काय लागतं? ते आपोआप होतं." लिफ्टचं बटण दाबत घाई म्हणाली.

मलाही ते पटलं. लिफ्टमध्ये वारा छान यायचा.

दरीच्या कड्यावर आम्ही उजाडताच पोचलो. वाट सुरू होते तिथे चौकी होती आणि चौकीवाला दात घासत होता. त्याने आमच्या बुटांकडे पाहिलं, मग चेहऱ्यांकडे.

"मध्ये फोन लागत नाही. पाणी तळाच्या ओढ्यातच. पलीकडे कोण आहे तुमचं?"

"माझी मुलगी," घाई म्हणाली. ते असं म्हणाली, जणू पदक दाखवतेय.

आणि खरंच, उतरायला काही लागलं नाही. सुरुवातीला तरी. वाट वळणं घेत खाली खाली जात होती आणि आम्ही दोघी शाळा सुटल्यासारख्या पळत होतो. घाई पुढे, मी मागे. तिची वेणी पाठीवर आपटत होती. तिने कड्याला ओरडून सांगितलं, "पोरी, आलेय गं!" कड्याने तेच परत ऐकवलं, पण जरा उशिराने आणि कुणी दुसरंच बोलावं तशा आवाजात. पुन्हा ओरडावंसं आम्हा दोघींनाही वाटलं नाही.

मग मांड्या थरथरायला लागल्या. प्रत्येक पावलाला शरीर पुढे जायचं आणि मांड्यांनी त्याला मागे धरायचं, हे काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. आमच्या वाट्याचं ते काम रोज लिफ्टने केलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा वर पाहिलं. ज्या कड्यावरून निघालो, तो मान मोडेपर्यंत वर गेला होता.

"घाई, चालत जाऊ."

"सूर्य थांबतोय होय तुझ्यासाठी?"

मी चालायला लागले. ती पळतच राहिली.

तळाशी ऊन भांड्यात साठावं तसं साठलं होतं. ओढा नावापुरता वाहत होता. कुठे पाखरू नाही, माणूस नाही. घाई एका दगडाला धरून उभी होती. तिच्या मांड्यांना मी हात लावला, तर त्या सुजून लाकडासारख्या टणक झालेल्या.

"जरा आडोशाला जाऊन येते," ती म्हणाली आणि मोठ्या खडकामागे गेली. बराच वेळ आली नाही. आली ती गप्प. घाई आणि गप्प! काहीतरी निमित्त करून मीही खडकामागे गेले.

तिने पायाने वाळू लोटून ठेवली होती. चादरीवरचा डाग घडीच्या आत घ्यावा, तशी. पण ओल वर आलीच होती. गडद, उकळून ठेवलेल्या कोऱ्या चहासारखी.

आम्हा दोघींना डागांवरून वॉर्ड ओळखता येतो. हा मूत्रपिंडाच्या वॉर्डातला. मागे एक धडधाकट तरुण तिथे आला होता. पैजेपायी बैठका मारून मारून त्याच्या मांड्यांचं मांस आत फाटलं आणि ते रक्तातून जाऊन मूत्रपिंडात तुंबलं, असं नर्सबाईंनी सांगितलं होतं. त्याच्या चादरी घाईनेच इस्त्री केल्या होत्या. तीन दिवस. चौथ्या दिवशी आल्या नाहीत.

"पाहिलंस?" मी परत आल्यावर तिने विचारलं.

"पाहिलं."

"चढायला जमेल गं मला. चढायचा सराव आहे आपला."

"एक पाऊल टाकायचं नाहीस. सावलीत आडवी हो, पाणी पीत राहा."

"ती निघून जाईल." तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. "वर उभं राहून वाट बघेल, आणि नेहमीसारखी मी येणार नाही."

"मी जाते ना."

"तुला बघून काय करायचंय तिला? तुझं तोंड काय ती कॅलेंडरवर लावणार आहे?"

दोघी हसलो. हसताना तिने मांडी घट्ट दाबून धरली होती.

मी सगळ्या बाटल्या भरून तिच्याजवळ ठेवल्या, ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळली, बिस्किटं दिली. बॅटरीही दिली. म्हटलं, अंधार पडला की लाव, वरून मला दिसेल. तिने होकार दिला. डोळे मात्र पलीकडच्या कड्यावर होते.

चढायला माझे पाय तयार होते, हीच त्यातली थट्टा. तळघर, पहिला मजला, दुसरा, असं मनात म्हणत मी चढत राहिले. गच्ची यायची, पुन्हा तळघर. मांड्या आतून जळत होत्या. बाजूच्या कातळावर दरीची सावली वर सरकत होती, आणि ती माझ्यापेक्षा वेगाने चढत होती. दर वळणावर वाकून खाली बघत होते. आधी ओढणीचा ठिपका दिसायचा. मग नुसता खडक. मग खडक कोणता तेही कळेना.

वर पोचले तेव्हा सूर्य बुडून गेला होता. वाटेच्या तोंडाशी एकच गाडी उभी होती. मुलगी दार उघडून आत बसायच्या बेतात होती. मला पाहून थबकली. मग माझ्या मागे पाहिलं, वाटेच्या वळणापर्यंत. आणि तिचा चेहरा मिटला.

"नाही ना आली?"

"आलीय. खाली आहे."

"मावशी, तुम्ही तिला नेहमीच..."

"अगं, ती आलीय. पाय गेलेत तिचे. लघवीला रंग आलाय, चहासारखा. चौकीवाल्यांना बोलाव, डॉक्टर बोलाव, आधी ते कर, मग मला काय बोलायचं ते बोल."

मुलगी या बाजूच्या चौकीकडे धावली. तिथल्या दोघांनी वायरलेसवर सांगितलं. हेलिकॉप्टर आता अंधारात येणार नाही, पहाटे येईल. ते पाण्याच्या पिशव्या आणि स्ट्रेचर घेऊन निघायच्या तयारीला लागले. मी कठड्याला धरून खाली बघत उभी राहिले. दरी काठोकाठ काळी झाली होती.

"बॅटरी दिलीय तिला," मी म्हटलं. "अंधार पडला की लावते म्हणाली."

"विसरली असेल," मुलगी म्हणाली. "विसरतेच ती."



चौकीवाले बूट बांधेपर्यंत मुलीला दम निघाला नाही. कपाळावरचा दिवा लावून ती वाटेला लागली, आणि पहिल्याच वळणावर पळायला लागली.

"पळू नको!" मी जीव खाऊन ओरडले. "उतरताना पळू नको गं बाळा, चाल!"

कड्याने माझंच मला उशिराने ऐकवलं. दिवा काही हळू झाला नाही. वळणामागून वळण घेत खाली जात राहिला, आईसारखाच घाईने. मी त्याच्याही पुढे, खाली, जिथे खडक असायला हवा होता तिथे डोळे लावून उभी होते. तिथे अजून बॅटरी काही लागली नव्हती.