शेजारच्या जाळ्याची डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि डोक्यावर फिरवायचं एक बटण, एवढाच माझा संसार. पण मित्रांनो, हसू नका. वीज कचेरीच्या चाचणीखोलीत एका लांबलचक टेबलावर आमच्या प्रदेशाचं सगळं वीजजाळं छोट्या रूपात मांडलेलं होतं आणि त्याच्या कडेला मी एकटी अख्ख्या शेजारच्या प्रदेशाच्या जागी उभी होते. तिकडच्या तारा, गावं, वीजघरं टेबलावर कशी मावणार? म्हणून त्या साऱ्यांचा मिळून जेवढा जोर, तेवढं माझं बटण फिरवून ठेवत. मग इंजिनिअरताई टेबलावरची एकेक तार काढून बघायच्या, ही तुटली तर बाकीच्या तग धरतील का? उत्तर नीट आलं की मला म्हणायच्या, "शहाणी गं माझी!" मी फुलून जायचे.

ताईंचे बाबा त्या शेजारच्या प्रदेशात राहायचे. त्यांचा श्वास विजेच्या यंत्रावर चालायचा. "बाबासुद्धा तुझ्यातच आहेत हं," ताई मला थट्टेनं म्हणायच्या.

एकदा तिकडून फोन आला. त्यांचं मोठं वीजघर दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं.

"साहेब, डबी नव्यानं लावायला हवी," ताई म्हणाल्या.

"अहो, अख्खा दिवस मोडेल त्यात! आधी आपल्या तारा तपासा. त्यांचं ते बघतील."

ताई आपल्या तारा तपासायला लागल्या. माझं बटण होतं तिथंच राहिलं. मी आपली जुन्याच जोरानं उभी, त्यामुळे चाचणीत सगळं ठाकठीक दिसलं.

त्याच आठवड्यात भर दुपारी आमची मोठी तार खरोखरच तुटली. शेजारी सावरतील, असं सगळे धरून चालले होते. पण त्यांच्याकडेच जोर उरला नव्हता. दोन्हीकडची वीज गेली. ती संध्याकाळी आली. बाबा तोवर थांबले नाहीत.

ताई कामावर परतल्या तेव्हा साहेबांना त्यांच्याकडे बघवेना. "माझं चुकलं हो," ते कसंबसं म्हणाले.

"मी तरी कुठं हट्ट धरला, साहेब?"

आता ते काम संगणक करतो आणि मी कपाटात धूळ खात पडले आहे. त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, लांबच्या माणसांना एवढ्याशा जागेत बसवावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण त्यांची खबर घेत जा, वेळ नाही म्हणू नका. परतल्या त्या सकाळी ताईंनी शेजाऱ्यांना फोन लावला, आकडा विचारला आणि माझं बटण जागेवर आणलं. तोवर ताईंचा चहासुद्धा निवला नव्हता. त्या कपाकडे बघत राहिल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या.