माझी नळी काट्याला गेली

मित्रांनो, मोटारीचं बॉनेट उघडल्यावर ज्याच्याकडे कोणीच बघत नाही, असा मी एक जुना, लिंबाएवढा पत्र्याचा डबा आहे. मला प्रेशर रेग्युलेटर म्हणतात. नाव भारदस्त, काम कारकुनाचं. इंजिनाला लागेल तेवढ्या दाबाने पेट्रोल पुरवायचं, उरलेलं टाकीत परत पाठवायचं.

माझ्या पोटात रबरी पडदा आणि स्प्रिंग, डोक्यावर एक बारीक नळी. इंजिनात हवेचा जोर किती, ही खबर त्या नळीतूनच यायची. हवा वाढली की मी पेट्रोलचा दाब वाढवायचो. वर्षानुवर्षं कोणाची तक्रार आली नाही. आमच्या खात्यात हीच शाबासकी.

मोटार ताईंची. त्या नोकरीला जातात तो कारखाना गावाबाहेर, तिकडे बस जात नाही. गाडी बंद तर नोकरी बंद. त्यांच्या धाकट्या भावाला घरात 'इंजिनियर' म्हणत, कारण ते शिक्षण त्याने अर्धवट सोडलं होतं. तो एकदा टर्बो घेऊन आला. टर्बो म्हणजे इंजिनाला बळेबळे हवा भरवणारा पंखा.

"मला वेग नकोय रे," ताई म्हणाल्या, "वेळेवर पोचायचंय."

"मग लवकर पोचशील ना."

धाकट्यापुढे थोरल्या बहिणीचं कधी चाललंय?

खोटं कशाला बोलू, पोराने मेहनत केली. पेट्रोलचा पंप मोठा बसवला, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर मोठे बसवले. मग टर्बोचा जोर दाखवणारा एक निळा काटा ताईंच्या समोर बसवला. काट्यालाही हवेची नळी लागते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझी उपटून त्याला जोडली. मधे दुतोंडी जोड घातला असता तर दोघांचंही भागलं असतं. पण त्यासाठी दुकानापर्यंत जावं लागलं असतं.

पहिल्याच चढावर ताईंनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. टर्बोने हवा कोंबली. काट्याला सगळं कळलं, तो ऐटीत वर सरकला. मला काहीच कळलं नाही. मी जुन्याच दाबावर बसून राहिलो. पेट्रोल कमी पडलं, इंजिन तापलं, डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला.

"अरे, काहीतरी वाजतंय," ताई शेजारी बसलेल्या भावाला म्हणाल्या.

"तू काटा बघ ना, काय मस्त चाललाय."

ताईंनी बघितला. पिस्टनला भोक पडून इंजिन बंद पडलं त्या क्षणीही काटा अगदी बरोबर होता.

ताई उरलेला रस्ता चालत गेल्या. जुन्या इंजिनात दमच नव्हता, असा निकाल इंजिनियरने दिला. काटा फडक्यात गुंडाळून घरी गेला. मी शेडमधे, गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात आलो.

मित्रांनो, ज्याला काही करता येतं त्याला खबर आधी द्यावी. ज्याला नुसतं दाखवता येतं, त्याला उरली तर द्यावी.

आज शेडमधे ताईंसाठी मामांची जुनी गाडी मागून आणली आहे. "ही तरी जपून वापरू हं," असं म्हणून ताई चहा टाकायला आत गेल्या. इंजिनियरने बॉनेट उघडलंय. आत माझ्यासारखाच एक डबा बसलाय, डोक्यावर बारीक नळी. टर्बो शेजारी ठेवून इंजिनियर काट्याचं फडकं सोडतोय.

दुकान अजून तितकंच लांब आहे.