धन्याच्याच नसांवर

ज्यांनी मला शत्रू ओळखायला शिकवलं, त्यांनी आपलं कोण ते नीट दाखवलंच नाही. हा दोष कुणाच्या नावावर टाकावा, मला ठाऊक नाही. पण गप्पही बसवत नाही.

मी रक्तातली एक पांढरी पेशी बोलतेय. पोखर्णीच्या मुंजाजी मेंढपाळाच्या हाडात माझा जन्म झाला. माझा धनी दिवसभर मेंढरांमागं चालायचा. पायात काटा रुतला की मी धावत जायचे आणि परकं दिसेल ते संपवायचे. एवढंच माझं काम, आणि त्याचा मला अभिमान होता.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात एक पिसाळलेलं कुत्रं त्याच्या पोटरीला चावून पळून गेलं. परभणीच्या दवाखान्यात रोज एक अशा चौदा सुया पोटात घ्यायच्या ठरल्या.

ती लस मेंढीच्या मेंदूपासून केलेली होती. तिच्यात रोगाचं मारलेलं विष होतं आणि मेंदूचा गरही. मला दोन्ही शत्रूच वाटले. रोज सुई यायची, रोज मी तो गर पाहायचे आणि पाठ करायचे.

मेंढीच्या आणि माणसाच्या नसांवरचं आवरण जवळजवळ सारखंच असतं, हे मला कोण सांगणार? अकराव्या दिवशी आम्ही हजारो जणी धन्याच्या पाठीच्या कण्यात शिरलो. तिथं त्या गरातलंच आवरण दिसलं. आम्ही तुटून पडलो. मला वाटत होतं, मी त्याला वाचवतेय.

बाहेर तो दवाखान्याच्या पायरीवरच बसला. "सुगंधे, पाय उचलना गेलेत."

डॉक्टरांनी सुया बंद केल्या.

"कुत्र्याचं इख चढलंय का, सायेब?" त्याच्या बायकोनं, सुगंधाबाईनं विचारलं.

"नाही बाई. लसीतल्या मेंढीच्या मेंदूमुळं यांचं रक्त फसलंय. ते यांच्याच नसा खातंय."

मुंजाजी पडल्या पडल्या म्हणाला, "ही मला रोज मेंढरू म्हनती. रगतानं आयकलं वाटतं."

ती हसली नाही. "चालतेल का पुन्ना?"

"काही जण चालतात," डॉक्टर म्हणाले.

चालता आलं नाही तर कळप विकावा लागणार होता.

सुगंधाबाई रोज त्याच्या तळव्यांना तेल चोळायची. "कळायलंय का?" "न्हाई." नवी सुई येत नव्हती, तसा आमचा आवेश ओसरत गेला. मी खाल्लेलं मला भरून देता येईना. मी नुसती ऐकत राहिले. "कळायलंय का?" "न्हाई."

तेल चोळायला लागल्याच्या सतराव्या दिवशी त्यानं मान उचलून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुहा हात लय गार हाय गं."

आज तीन वर्षं झाली. धनी काठी घेऊन चालतो, डावा पाय ओढत. कळप विकला नाही. मला ते आवरण अजून पाठ आहे, म्हणून त्याच्या नसांच्या वाटेनं जायला मी भिते. चावलेल्या माणसानं सुई टाळू नये. तो रोग कुणालाच सोडत नाही. पण ज्यांच्या हाती प्रयोगशाळा आहे, त्यांनी मेंदूचा गर नसलेली लस शोधावी. आणखी किती पाय जायची वाट पाहणार?

परवा कळप पुढं निघून गेला. मागं राहिला धनी आणि दोन दिवसांची तीन कोकरं. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या कडूबाईनं मान वर केली.

"घाई नगं करू, मुंजाजी. कोकरायला पैल्यांदाच कुनी बरूबरीचं भेटलंय."